ओळीवर कुठंही क्लिक

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं याद्या बनवण्यात गेली. वेबसाइट बनवते असं सांगितलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी रंगीबेरंगी उभं राहतं. प्रत्यक्षात पुण्यातल्या आमच्यासारख्या छोट्या कंपनीचं पोट भरतं ते टेबलांवर. पतसंस्थेचे खातेदार, ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिल्ट्या, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट. वर रकान्यांची नावं, खाली ओळी, आणि प्रत्येक ओळीमागे एक अख्खं पान: त्या खात्याचं, त्या बिल्टीचं, त्या पेशंटचं.

अशी यादी पहिल्यांदा समोर ठेवली की बघणारा माणूस, चेअरमन असो की काउंटरवरचा क्लार्क, एकच गोष्ट करतो. माउस घेतो आणि ओळीच्या मधोमध, तारखेवर, रकमेवर किंवा चक्क रिकाम्या जागेवर क्लिक करतो. काही होत नाही. मग तो आमच्याकडे बघतो. नावावर करा, ते निळं दिसतंय ना, असं आम्ही सांगतो. उघडतं. तरी मीटिंग संपताना मागणी येतेच: "ओळीवर कुठंही क्लिक केलं तरी उघडलं पाहिजे. एवढं करून टाका, मॅडम. त्यात काय आहे?"

आमच्या धंद्यात या मागणीला नाक मुरडायची पद्धत आहे. क्लायंटला वेब कळत नाही, असं म्हणून चहा प्यायला जायचं. मला ते कधी पटलं नाही. ज्यांनी उमेदीची वर्षं टॅलीवर काढली, त्यांना बाणानं खाली जायचं आणि एन्टर मारायचा एवढंच ठाऊक. ज्या ओळीवर उभे आहात ते व्हाउचर उघडतं. २००४ साली जीमेल आलं आणि मेलच्या ओळीवर कुठंही क्लिक करायची सवय घराघरांत गेली. शिवाय यामागे साधं शरीरशास्त्रही आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली दाखवून दिलं की हात एखाद्या ठिकाणी नेमका पोचायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: ते ठिकाण किती लांब आहे आणि किती मोठं आहे. दिवसभरात शेकडो खाती उघडणाऱ्या क्लार्कला 'पाटील' एवढ्या तीन अक्षरांवर माउस न्यायला लावायचं, शेजारी वीतभर मोकळी ओळ असताना, हा आमचा आळस. मागणी रास्त होती. ती पुरी करण्याच्या आमच्या पद्धती मात्र वर्षानुवर्षं तपासाव्या लागल्या.

अडचण मुळात एचटीएमएलमध्येच आहे. शब्दांभोवती, चित्राभोवती, आणि एचटीएमएल ५ आल्यापासून तर अख्ख्या डब्याभोवती लिंक लावता येते. टेबलाच्या ओळीभोवती येत नाही. टेबलाचा कारभार सोवळ्यातल्या स्वयंपाकघरासारखा आहे. आत कोणी यायचं ते ठरलेलं. टेबलात ओळी, ओळीत फक्त घरं, आणि बाकी जे काही असेल ते घरांच्या आत. ओळीभोवती कुणी लिंकचा टॅग लिहिलाच, तर ब्राउझर भांडत नाही, तो गुपचूप तो टॅग उचलून टेबलाच्या बाहेर, वरच्या बाजूला नेऊन ठेवतो. पानावर टेबल नीट दिसतं, लिंक मात्र टेबलाच्या डोक्यावर रिकामी पडलेली असते. नवीन मुलामुलींना मी हे मुद्दाम एकदा करून बघायला सांगते. लिहिलेला कोड आणि ब्राउझरनं त्यातून उभं केलेलं पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून जितकं लवकर कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

एक्सएचटीएमएल २ नावाचा एक आराखडा मध्यंतरी होता. त्यात लिंकचा पत्ता कुठल्याही टॅगवर लिहायची सोय होती. म्हणजे ओळीलाच थेट पत्ता देता आला असता. डब्ल्यूथ्रीसीनं २००९ साली ते काम थांबवायचं ठरवलं. कारणं मोठी होती आणि बरोबरही होती, पण याद्या बनवणाऱ्यांचं एक काम त्याबरोबर बुडालं, याची हळहळ मला अजून वाटते.

मग उरतो तो सगळ्यांना ठाऊक असलेला रस्ता. ओळीवर ऑनक्लिक लावायचं: ओळ दाबली गेली की जावास्क्रिप्टनं ब्राउझरला सांगायचं, अमुक पानावर जा. मी कामाला लागले तेव्हा ऑफिसांमध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ६ होता. माउस वर आला की रंग बदलणं त्याला फक्त लिंकवर जमायचं, ओळीवर नाही. त्यामुळे ओळ पिवळी करायलाही जावास्क्रिप्टच लिहावं लागे. क्लिक आणि रंग दोन्ही एकाच ठिकाणी लिहिलं जायचं आणि डेमो छान व्हायचा.

एका ट्रान्सपोर्ट कंपनीची प्रणाली आमच्याकडे दुसऱ्या कुणाकडून आली, तीही अशीच होती. आमच्याकडे आली ती तक्रारींच्या वहीसकट. वहीत एक ओळ वारंवार होती: 'बिल्टी नवीन टॅबमध्ये उघडत नाही.' तिथे डिस्पॅच सांभाळणाऱ्या बाईंच्या शेजारी मी अर्धा दिवस बसले. सकाळी त्यांचं पहिलं काम म्हणजे आदल्या रात्री अडकलेल्या गाड्यांच्या बिल्ट्या एकदम उघडून ठेवायच्या आणि मग एकेक ड्रायव्हरला फोन लावत जायचं. जुन्या प्रणालीत बिल्टी नंबरावर माउसचं चाक दाबलं की मागच्या मागे टॅब उघडायचा. पंधरा-वीस टॅब झाले की त्या फोन हातात घ्यायच्या. नव्या प्रणालीत चाक दाबलं की पडद्यावर ते गोल बाणांचं चिन्ह यायचं आणि पान आपोआप सरकायला लागायचं. कंट्रोल दाबून क्लिक केलं तरी त्याच टॅबमध्ये उघडायचं. राइट क्लिक केलं तर मेनूत 'नवीन टॅबमध्ये उघडा' ही ओळच नव्हती, कारण ब्राउझरच्या लेखी तिथे लिंक नव्हतीच. त्या बिचाऱ्या एक बिल्टी उघडायच्या, फोन करायच्या, मागे यायच्या, आणि मागे आलं की यादी पुन्हा पहिल्या पानावर गेलेली असायची.

"आधीचं सॉफ्टवेअर दिसायला घाण होतं," त्या म्हणाल्या, "पण मॅडम, ते माझं ऐकायचं."

त्या दिवसानंतर माझी या प्रश्नाकडे बघायची दिशा बदलली. ओळ दाबल्यावर पान उघडणं हा लिंकच्या कामाचा फार छोटा भाग आहे. लिंक म्हणजे एक पत्ता, आणि तो पत्ता ब्राउझरला माहीत असतो म्हणून बाकीचं सगळं फुकट मिळतं. माउस वर नेला की खाली कोपऱ्यात तो दिसतो. तो कॉपी करून साहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. दुसऱ्या टॅबमध्ये, दुसऱ्या खिडकीत उघडता येतो. कीबोर्डच्या टॅबनं तिथवर जाता येतं आणि एन्टर मारता येतो. ऑनक्लिकमध्ये पत्ता असतो, पण तो जावास्क्रिप्टच्या पोटात. ब्राउझरला तो क्लिक होईपर्यंत कळत नाही. इतक्या सोयी आपण काढून घेतो आणि त्याबदल्यात एक मोठं बटण देतो, असा तो सौदा आहे. डेमोत तो फायद्याचा वाटतो, कारण डेमोत कुणी वीस गाड्या शोधत नसतं.

भेट दिलेल्या लिंकचा रंग बदलतो, हे तर आम्ही कुणीच सोय म्हणून मोजलं नव्हतं. एका पतसंस्थेत ऑडिटच्या दिवसांत ते कळलं. ऑडिटर व्हाउचरांची यादी घेऊन बसायचे आणि मधली मधली उघडून बघायचे. कुठली बघून झाली हे त्यांना जांभळ्या रंगावरून समजायचं. वेगळी टिकमार्क करायची त्यांना गरजच पडली नव्हती. आमच्या डिझायनरनं सगळ्या लिंकांना एकच सुबक गडद रंग दिला, आणि ऑडिटरांचा फोन आला की तुमच्या सॉफ्टवेअरला विसरायला झालंय का. डिझायनरला जांभळा रंग अजिबात आवडत नव्हता. दोन दिवस वाद चालला, शेवटी एक मातकट करडा ठरला. भेट दिलेल्या लिंकचा फक्त रंगच बदलता येतो, ठळकपणा किंवा आकार नाही. दुसऱ्यांच्या वेबसाइट त्यावरून माणसाचा इतिहास हुंगायच्या, म्हणून ब्राउझरवाल्यांनी २०१०च्या सुमारास ते बंद केलं. ओळीवरच्या ऑनक्लिकला तर हा इतिहास मुळातच नसतो.

ओळीच्या आत आणखी काही दाबायचं असलं की वेगळाच गोंधळ. लॅबच्या यादीत प्रत्येक रिपोर्टपुढे एक चेकबॉक्स होता. डॉक्टरांनी तपासलेल्या रिपोर्टांवर खूण करायची आणि खाली एकदम 'पाठवा' दाबायचं. ओळ क्लिकेबल झाली आणि खूण करायला गेलं की रिपोर्टच उघडायला लागला. ब्राउझरमध्ये क्लिक खालून वर चढत जातं: आधी चेकबॉक्सला कळतं, मग त्याच्या घराला, मग ओळीला, मग टेबलाला, अगदी पानाच्या मुळापर्यंत. ओळ मधेच कान लावून बसलेली असते, ती प्रत्येक क्लिक आपलंच समजते. यावर झटपट उपाय म्हणजे चेकबॉक्सपाशीच क्लिकला वर जाण्यापासून अडवायचं. आमच्या एका हुशार सहकाऱ्यानं तसं केलं आणि चेकबॉक्स सुधारला. आठवड्यानं तक्रार आली की वरचा मेनू उघडला की बंदच होत नाही. तो मेनू पानावर दुसरीकडे कुठं क्लिक झालं यावर बंद व्हायचा, आणि चेकबॉक्सचं क्लिक त्याच्यापर्यंत आता पोचत नव्हतं.

तेव्हापासून आम्ही कुणाला अडवत नाही. ओळीनंच विचारायचं: क्लिक नेमकं कशावर झालं? लिंक, बटण, चेकबॉक्स, लेबल, यादीतला ड्रॉपडाउन, यांपैकी कशाच्या आत असेल तर ओळीनं गप्प बसायचं. 'क्लोजेस्ट' नावाची पद्धत यासाठी जावास्क्रिप्टमध्ये तयारच आहे. आणि डिलीट किंवा रद्द करायचं बटण क्लिकेबल ओळीत ठेवायचंच नाही, हा आमचा घरचा नियम. ते आतल्या पानावर जातं. उघडणं आणि नष्ट करणं यांत दोन मिलिमीटरचं अंतर ठेवण्याइतका विश्वास माझा कुणाच्याच माउसवर नाही.

मग कॉपी करणं. पतसंस्थेतल्या क्लार्कला खाते क्रमांक उचलून दुसऱ्या खिडकीत टाकायचा असतो. तो आकड्यावर माउस दाबून ओढतो, सोडतो, आणि सोडल्याबरोबर खातं उघडतं, कारण दाबणं आणि सोडणं दोन्ही त्याच ओळीत झालं. ब्राउझरच्या हिशेबी ते क्लिकच. त्यासाठी ओळीनं आणखी एक प्रश्न विचारायचा: आत्ता पानावर काही मजकूर निवडलेला आहे का? असेल तर थांब. एवढी एक अट घातली तर निम्म्या शिव्या कमी होतात.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका बँकेतल्या अधिकाऱ्यांनी. ते पूर्ण अंध. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरायचे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६पासून उभा केलेला आणि फुकट मिळणारा, म्हणून आपल्याकडे घरांत आणि ऑफिसांत पोचलेला. त्यांच्या बँकेचं कर्जाच्या अर्जांचं काम आमच्याकडे आलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झालेला होता, त्यामुळे करारात 'सुगम्य असावं' असं एक वाक्य होतं आणि ते तपासायला हे अधिकारी होते. आम्ही त्यांच्या टेबलाशी खुर्च्या ओढून बसलो. आवाजाचा वेग इतका, की आम्हाला एकही शब्द कळेना.

त्यांनी वेग कमी केला आणि के दाबलं. के म्हणजे पुढची लिंक. उत्तर आलं, 'पुढची लिंक नाही.' पन्नास अर्जांची यादी, आणि तिच्यात एकही लिंक नाही. मग त्यांनी बाणांनी खाली यायला सुरुवात केली. प्रत्येक घरापाशी रीडर म्हणे, 'क्लिकेबल'. नाव, क्लिकेबल. रक्कम, क्लिकेबल. तारीख, क्लिकेबल. एन्टर मारल्यावर उघडतही होतं. पण कुठं जाणार आहे, सात घरांवर सात वेगळ्या गोष्टी होणार की एकच, याचा काही सुगावा नाही. "दाबून बघितल्याशिवाय कळणार नाही अशी गोष्ट मी बँकेत दाबत नाही," ते शांतपणे म्हणाले. आमच्यातल्या कुणाकडेच याला उत्तर नव्हतं.

परत आल्यावर टीममध्ये उपायांची चढाओढ लागली. एकानं ओळीला 'ही लिंक आहे' अशी भूमिका दिली आणि टॅबनं तिथवर जाता येईल असं केलं. दृष्टी असलेल्या आणि फक्त कीबोर्ड वापरणाऱ्या माणसाला ते चाललं. स्क्रीन रीडरला नाही. ओळीला लिंक म्हटलं की ती ओळ राहत नाही. मग टेबल टेबल राहत नाही. कंट्रोल आणि ऑल्टबरोबर बाण दाबून ते अधिकारी रकान्यातून उभे खाली जायचे, फक्त रकमा ऐकत. ते बंद पडलं. आणि लिंकचं नाव म्हणून अख्खी ओळ एका दमात वाचली जायला लागली. दुसऱ्यानं प्रत्येक घरात लिंक घातली, सातही घरांत, एकाच पत्त्याची. पन्नास ओळी, साडेतीनशे लिंका. टॅब दाबत खालच्या 'पुढील पान'पर्यंत पोचायचं तर माणसानं घरून डबा आणावा. शिवाय घरांची उंची सारखी नसली की लिंका घर पूर्ण भरत नाहीत, मधे मधे मेलेल्या जागा राहतात. पत्त्याच्या रकान्यात देवनागरीतले लांब पत्ते दोन-तीन ओळींत गेले की हमखास.

ओळीच्या शेवटी 'पाहा' अशी लिंक द्यावी हा तिसरा प्रस्ताव. तोही त्या अधिकाऱ्यांनीच निकालात काढला. एनव्हीडीएमध्ये पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी एका ठिकाणी उघडता येते. ती उघडून त्यांनी आम्हाला ऐकवली: पाहा, पाहा, पाहा, पाहा. तेही हसले, आम्हीही.

शेवटी राहिलं ते सगळ्यात साधं. प्रत्येक ओळीत एकच खरी लिंक, अर्जदाराच्या नावावर. ते घर ओळीचं शीर्षक म्हणून नोंदवलेलं, म्हणजे रकमेवर उभं असताना रीडर ती कुणाची तेही सांगतो. बाकीची ओळ माउसवाल्यांसाठी फक्त जागा उसनी देते: क्लिक झालं तर ते त्या लिंककडे पोचवते. कंट्रोल दाबलेलं असेल तर नवीन टॅब उघडायचा, चाक दाबलं तरी तसंच. हे आपण हातानं लिहावं लागतं, कारण जावास्क्रिप्टनं लिंकला नुसतं 'क्लिक हो' सांगितलं तर कंट्रोल दाबलं होतं ही बातमी वाटेत हरवते, आणि चाकाच्या क्लिकला तर ब्राउझर वेगळ्याच नावानं हाक मारतो. जावास्क्रिप्ट बंद पडलं, नेट अर्धवट आलं, तरी नाव उरतं आणि काम होतं. एक गोष्ट मात्र नाहीच जमत. ओळीच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक केलं तर लिंकचा मेनू येत नाही, तो नावावरच येतो. क्लायंटला हे आधीच सांगावं. सांगितलं की कुणी हट्ट धरत नाही, असा माझा अनुभव आहे. लपवलं तर तीच एक गोष्ट त्याला सापडते.

याच कामाचा जावास्क्रिप्टविना करायचा एक देखणा मार्गही आहे. नावावरच्या लिंकला सीएसएसनं एक अदृश्य पापुद्रा जोडायचा आणि तो ताणून ओळभर पसरायचा. बूटस्ट्रॅपच्या ४.३ आवृत्तीत, २०१९ साली, हा प्रकार तयार मिळायला लागला आणि कार्डांसाठी सगळीकडे वापरला गेला. आमच्याकडच्या एका नव्या मुलीनं तो लॅबच्या टेबलाला लावला. तिच्या फायरफॉक्समध्ये झकास. लॅबमध्ये क्रोम. तिथून फोन: कुठल्याही पेशंटवर क्लिक करा, शेवटचाच पेशंट उघडतो. सगळं ऑफिस तिच्या संगणकाभोवती जमलं. पापुद्रा ओळीपुरता राहायचा तर ओळीनं 'माझ्यापुरता राहा' असं सांगावं लागतं. आणि टेबलाच्या ओळीचं हे सांगणं तेव्हाचा क्रोम ऐकतच नव्हता. सीएसएसच्या जुन्या मानकानं ओळीच्या बाबतीत ते मोकळंच सोडलं होतं. त्यामुळे प्रत्येक पेशंटचा पापुद्रा अख्ख्या टेबलावर पसरला, एकावर एक पन्नास, आणि सगळ्यात वर शेवटचा. क्रोमनं २०२१मध्ये, ९१व्या आवृत्तीत, टेबल मांडायचं यंत्रच नव्यानं लिहिलं आणि तेव्हा कुठं हे सुटलं.

तो मार्ग आता वापरता येतो आणि राइट क्लिकही त्यात पूर्ण ओळीवर चालतं. पण पापुद्र्याखालचा मजकूर माउसनं निवडता येत नाही. पतसंस्थेला खाते क्रमांक उचलायचे असतात, लॅबला नसतात. म्हणून एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. दोन्हीकडे एकच पद्धत ठेवा म्हणजे देखभाल सोपी, असं आमचे मॅनेजर दर सहा महिन्यांनी सुचवतात. मी दर सहा महिन्यांनी मान हलवते आणि काही करत नाही.

पिग्मी एजंटांच्या मोबाइलवर तर मला पूर्ण ओळच दाबता यावी असं वाटतं, तिथं मी स्वतःच आग्रह धरते. भर उन्हात, दुकानाच्या पायरीवर, एका हातात पैशांची बॅग, दुसऱ्या हातात फोन, आणि अंगठ्यानं खातेदार शोधायचा. सुगम्यतेच्या २०२३च्या मानकात, डब्ल्यूसीएजी २.२मध्ये, दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल असावी असं म्हटलंय. तो किमान आकडा ऑफिसात बसलेल्यांसाठी ठीक. एजंटाच्या यादीत आम्ही ओळी जाड केल्या, रकाने सातावरून तीनावर आणले, आणि दाबलेली ओळ क्षणभर हिरवी केली, म्हणजे शेजारच्या ओळीत दुसऱ्याच शिंदेंचे शंभर रुपये जमा होऊ नयेत. एका वयस्क एजंटांनी विचारलं, "ताई, हे आधीच का नाही केलंत?" आधी तिथं बसून कुणी बघितलं नव्हतं, एवढंच कारण.

मागे आल्यावर यादी पहिल्या पानावर जाते, ही ट्रान्सपोर्टवाल्या बाईंची दुसरी तक्रार मला पुढे प्रत्येक ठिकाणी भेटली, क्लिकपेक्षाही जास्त वेळा. क्लार्कनं शाखा निवडलेली असते, तारीख लावलेली असते, चौथ्या पानावरची एक ओळ उघडलेली असते. मागे आला की सगळं पुसलेलं. हे निवडलेलं सगळं यादीच्या स्वतःच्या पत्त्यात लिहिलं की प्रश्न मिटतो: कुठली शाखा, कुठली तारीख, कितवं पान. उघडायच्या पानांनाच नव्हे, यादीलाही पत्ता हवा, हे ऐकायला इतकं उघड वाटतं की कुणी ते अंदाजपत्रकात लिहीत नाही. मी आता लिहिते, वेगळी ओळ करून, आणि तिच्यापुढे पैसेही लावते.

सध्या त्याच बँकेची नवी मागणी आलीय. ओळीवर क्लिक केलं की नवीन पान नको; उजवीकडून एक कप्पा सरकत यावा, त्यात अर्ज दिसावा, डावीकडे यादी तशीच राहावी. दिसायला सुरेख आहे आणि कामालाही बरं पडेल. टीममधल्या मुलांनी पहिल्या दिवशीच ओळीवर ऑनक्लिक लावून नमुना करून दाखवला, कप्पा सरकला, टाळ्या पडल्या. मी विचारलं, या कप्प्याचा पत्ता काय? ब्रँच मॅनेजरनं हा अर्ज झोनल ऑफिसला पाठवायचा तर काय पाठवायचं? मागचं बटण दाबलं तर कप्पा मिटणार की यादीच जाणार? तेव्हा नावावर पुन्हा खरी लिंक आली, तिला अर्जाचा खरा पत्ता आला, साधं क्लिक झालं की कप्पा उघडतो आणि वरच्या पट्टीतला पत्ता बदलतो, चाक दाबलं की तोच अर्ज पूर्ण पानावर वेगळ्या टॅबमध्ये. कप्पा मिटल्यावर कीबोर्डचा फोकस ज्या ओळीतून निघाला तिथंच परत गेला पाहिजे. ते अजून नीट होत नाहीये, कधी कधी तो पानाच्या डोक्यावर जाऊन बसतो. ते अधिकारी आता दुसऱ्या शाखेत आहेत. त्यांना फोन केला, गुरुवारी दुपारी काउंटर बंद झाल्यावर या म्हणाले.